गुलाबी

अकोल्याच्या त्या ज्युनियर कॉलेजात शिक्षिका म्हणून प्रियदर्शनीचं पहिलंच वर्ष, आणि बारावीच्या रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिक परीक्षेची सगळी तयारी तिच्याच गळ्यात. अमरावतीहून आलेले परीक्षक हरिहर सर खुर्चीत बसून एकेकाला तोंडी प्रश्न विचारत होते.

प्रयोग तसा सोपा. फ्लास्कमधल्या आम्लात दर्शकाचे दोन थेंब टाकायचे आणि ब्युरेटच्या उभ्या, खुणांच्या नळीतून थेंबथेंब अल्कली सोडायचं. दोन्हींची बरोबरी झाली की द्रावण फिकट गुलाबी होतं; तोवर किती मिलिलिटर अल्कली लागलं, ते लिहायचं.

"मॅडम," खुशी रडवेली होऊन म्हणाली, "माह्यं गुलाबीच होऊन नाही राहिलं. अख्खी ब्युरेट रिकामी झाली."

फ्लास्कमधलं द्रावण पाण्यासारखं बिनरंगी होतं. प्रियदर्शनी कपाटाशी गेली, बाटली पाहिली आणि चूक तिच्या लक्षात आली. सकाळी आम्लात दसपट पाणी घालायचं होतं. तेवढ्यात सरांच्या चहासाठी ऑफिसातून हाक आली, ती गेली, आणि आम्ल तसंच जळजळीत वाटलं गेलं. आता दोन ब्युरेटा ओतल्या असत्या तरी कोणाचंच गुलाबी झालं नसतं.

"बाकीच्यांचं काय?" तिने घाबरत विचारलं.

"माह्यं दहा आलं, मॅडम," स्वप्निल म्हणाला.

"माह्यं नऊ पॉइंट नऊ."

"माह्यं बी दहाच."

"फ्लास्क कुठाय?"

"धुऊन ठेवला ना, मॅडम! तुमीच सांगता, स्वच्छता पाह्यजे."

दहा हे उत्तर गेल्या वर्षीच्या मुलांकडून आलेलं होतं. बोलावं तर परीक्षा रद्द आणि नोकरीवर गदा. गप्प बसावं तर सगळ्या वर्गाला पैकीच्या पैकी आणि एकट्या खुशीला भोपळा. तिकडे खुशी डोळे पुसत दुसऱ्यांदा ब्युरेट भरत होती. ते मात्र तिला बघवेना.

ती हरिहर सरांपुढे जाऊन उभी राहिली. "सर, चूक माझी आहे. आम्ल दसपट तीव्र राहिलं. दहा कोणाचंच येऊ शकत नाही."

सरांचा चेहरा उतरला.

"कोणाचंच नाही?"

"शक्यच नाही, सर."

सरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मॅडम, तपासणीचं रीडिंग मी मघाशीच प्राचार्यांना सांगून आलो. स्वतः करून पाहिलं म्हणून. दहा पॉइंट एक."

सर खाकरले. "आम्ल पातळ करा. सगळ्यांचं पुन्हा घेऊ. प्राचार्यांना सांगू, आम्लात बिघाड होता. त्या पोरीचं निरीक्षण मात्र बरोबर धरा."

नवं आम्ल वाटलं गेलं. वर्गात कुजबुज सुरू झाली. स्वप्निल ब्युरेटकडे एकटक बघत उभा होता.

"सर," तो दबकत म्हणाला, "आता खरंखुरं करा लागन का?"

हरिहर सरांनी कोट काढून खुर्चीवर टाकला आणि बाह्या वर सारल्या.

"हो बाप्पा," ते म्हणाले, "आता आपल्या सगळ्याईलेच करा लागन."