तीन शेपट्या आणि एक गाडी

"विमान बांध, नाहीतर जहाज बांध," मार्लिसनं नवऱ्याला बजावलं, "पण बर्फ पडायच्या आत माझी गाडी गॅरेजमध्ये पाहिजे. मिनेसोटाच्या थंडीत काच खरवडत उभं राहायचं माझं वय नाही आता."

आर्लन टॉलेफसननं लगेच मान हलवली. शाळेच्या बस दुरुस्त करण्यात जन्म घालवून तो नुकताच निवृत्त झाला होता. सुटे भाग खोक्यांतून मागवायचे, घरीच जोडायचे आणि ते विमान उडवायचं, हे त्याचं जुनं स्वप्न. गाडीशेजारी एका विमानापुरती जागाही होती. अडलं होतं ते एवढ्यावरच, की मॉडेल कुठलं घ्यायचं? चार जणांना विचारल्याशिवाय आर्लनला टूथब्रशसुद्धा घेता येत नसे. 'लोक सगळ्यात जास्त कुठलं बांधतात आणि का, ते तरी कळू दे,' असं म्हणत तो शनिवारी सकाळी धावपट्टीवरच्या क्लबात पॅनकेक खायला गेला.

तिथला ड्वेन पत्र्याच्या 'किंगफिशर' विमानाचा भक्त. "अरे, अर्धा क्लब हेच बांधतोय! तू कुठंही अडकलास, की नेमका तिथंच अडकलेला माणूस शेजारी सापडतो. अजून काय पाहिजे?"

"पत्राच ठोकायचा तर बस काय वाईट होती?" लीरॉय मध्येच म्हणाला. त्याचं 'हेरॉन' फायबरचं, गुळगुळीत. "हा माहितीपत्रकातला फोटो बघ. उभं असलं तरी धावतंय असं वाटतं."

"उभंच असतं ते," ड्वेन म्हणाला.

मर्लचं 'स्नाइप' लाकडी, अख्ख्या क्लबात एकट्याचं. तो बराच वेळ पॅनकेकवर पाक ओतत राहिला. मग म्हणाला, "माझ्याला वास छान येतो."

आर्लननं तिघांचंही मनापासून ऐकलं आणि तिघांनाही सांगितलं, "वाईट नाही हं!"

घोटाळा झाला तो इथे. त्या गावात 'वाईट नाही' म्हणजे कौतुकाची हद्द. मुलगा गव्हर्नर झाला तरी बाप याहून जास्त बोलत नाही. आणि एखादी गोष्ट मुळीच नको असली, की 'वेगळंच आहे' म्हणायचं. तोंडावर 'नको' म्हटलेलं तिथं कुणी ऐकलेलं नाही.

दुसऱ्याच दिवशी ड्वेन ट्रेलर घेऊन दारात हजर. ट्रेलरवर किंगफिशरची शेपटी. या विमानांचं पहिलं खोकं शेपटीचं असतं आणि बहुतेकांचा उत्साह तिथंच संपतो.

"तूच म्हणालास ना, वाईट नाही! माझ्यानं काही पुढं सरकत नाही रे. तू पुरं कर."

"अरे, पण..." आर्लन म्हणाला, आणि त्यानं शेपटीचं दुसरं टोक धरलं. दुपारी लीरॉय आला, संध्याकाळी मर्ल. तीन शेपट्या गॅरेजभर पसरल्या आणि मार्लिसची गाडी अंगणात आली.

"परत देऊन ये," मार्लिस म्हणाली. रेडिओवर बर्फाचा इशारा चालू होता.

आर्लन किंगफिशरची शेपटी घेऊन ड्वेनकडे गेला. दार त्याच्या बायकोनं, बेव्हर्लीनं उघडलं. "आर्लन, देव तुझं भलं करो! किती वर्षांनी माझी गाडी आत लागली बघ!" तिनं त्याच्या हातात गरमागरम हॉटडिश ठेवली. खिमा, बटाटे आणि वर चीज. आता त्या माउलीला काय सांगायचं? लीरॉयच्या घरीही तेच झालं. आर्लन दोन्ही शेपट्या आणि दोन हॉटडिश घेऊन परत आला. मर्लकडे जायचं त्याचं धाडसच झालं नाही.

सकाळी बर्फ पडलं. मार्लिस दात-ओठ खात काच खरवडत होती, तेवढ्यात मर्लचा ट्रक आला. मागे दोन पंख.

"शेपटीला एकटं वाटत असेल म्हटलं," मर्ल ओशाळून म्हणाला.

आर्लननं डोळे मिटून घेतले. पण मार्लिस खरवडणी हातात घेऊनच ट्रककडे गेली. पंखाच्या लाकडी बरगड्यांवरून तिनं हातमोजा काढून बोटं फिरवली. मग वाकून वास घेतला. तिच्या वडिलांच्या सुतारशाळेत असाच वास असायचा.

"हे आत घ्या," ती म्हणाली. "ओलं होईल."

"आणि तुझी गाडी?"

"ताडपत्री टाक तिच्यावर. तुझ्या ट्रकला ट्रेलर जोड आणि त्या बाकीच्या दोन शेपट्या त्यावर चढव. मी देऊन येते. तुला बोलताच येत नाही."

"काय सांगशील?"

"वेगळंच आहे, म्हणून तोंडावर सांगते!" हॉटडिशची धुतलेली भांडी काखोटीला मारून ती तरातरा निघाली.

आर्लन आणि मर्लनं पंख आत घेतले, भिंतीला टेकवले आणि दोघेही बायकोच्या, म्हणजे आर्लनच्या बायकोच्या, धैर्याबद्दल आदरानं बोलत बसले. तेवढ्यात ट्रेलर परत आला. दोन्ही शेपट्या होत्या तिथंच होत्या. मार्लिस उतरली. तिच्या हातात एकावर एक दोन भांडी होती आणि वरच्यातून वाफ येत होती.

"काय म्हणाली बेव्हर्ली?" आर्लननं विचारलं.

मार्लिसनं त्याच्या नजरेला नजर दिली नाही.

"खाऊन बघ," ती म्हणाली. "वाईट नाही."