मंगा कोणत्या कपाटात?

रत्नागिरीतल्या त्या वाचनालयात पुस्तक आधी कपाटात बसे, मग वाचकाच्या हाती जाई. जे कपाटात बसत नाही ते पुस्तकच नव्हे, असा कार्यकारिणीचा ठराव होता.

गोदाला बिचारीला हे काय ठाऊक! तिचा नवरा गंगाराम बोटीवर खलाशी. जपानहून एक जाडजूड चित्रांचे पुस्तक तिला देऊन तो पुन्हा बोटीवर गेला. चित्रांतली कोळीण किनाऱ्यावर वाट बघते आणि शेवटी तिचा माणूस घरी येतो. निरक्षर गोदाला एवढे रोज पुरत असे. पाने सुटू लागली तशी गोदा ते बांधून घ्यायला वाचनालयात आली. बांधणी फक्त वाचनालयाच्या पुस्तकांची होई, म्हणून ग्रंथपाल महिपतने ते देणगी म्हणून दाखल केले. "बांधून झालं की तूच ने," तो म्हणाला.

"प्रकार कोणता?" अध्यक्ष भागोजीरावांनी विचारले.

"मंगा म्हनतात त्येला," गोदा म्हणाली. "जपानात चित्रांची गोष्ट म्हातारी मानसासुदा वाचतात."

मंगाचे कपाट नव्हते. चित्रे म्हणून ते बालविभागात गेले. तिथे नायक-नायिकेच्या जवळिकीचे पान निघाले. सभासदांनी ते आळीपाळीने, पुनःपुन्हा तपासले आणि पुस्तक बालविभागातून काढले. कादंबरी म्हणावी तर अक्षरे तोकडी. रंग नाहीत, म्हणजे छपाई अर्धवट. उजवीकडून उघडते म्हणून उर्दू विभागात धाडले, तर उर्दूच्या मास्तरांनी बाजू योग्य असल्याचे कळवून मजकुराबाबत असमर्थता व्यक्त केली.

"मूळ बांधणीच चुकली आहे," अध्यक्षांनी निकाल दिला. "डावीकडून सुरू करा, कादंबरीत बसेल."

"सायब, ता उजवीकडनाच बगायचा," गोदा कळवळली. "आमच्या घोवान तसा दाखवलान."

"तुझा नवरा कार्यकारिणीवर आहे का?"

नव्या बांधणीत डावीकडे 'आरंभ' आणि उजवीकडे 'समाप्त' असे शिक्के पडले. एकुलती प्रत म्हणून पुस्तक घरी नेण्यास मनाई झाली. गोदाने तिथेच बसून ते उजवीकडून उघडले, तर महिपतने खाली बघत ते काढून घेतले. "समाप्तपासून आरंभ करता येत नाही, बाई."

"मंग माजा मानूस घरी कसा येल?" गोदा हुंदके देऊ लागली.

वाचकांना पुस्तक फार आवडले. आता त्यात माणूस आधीच घरी असतो आणि शेवटच्या पानावर कोळीण किनाऱ्यावर एकटीच वाट बघत राहते. "काय खरा शेवट आहे! आपल्याकडे असंच होतं," असे जो तो म्हणू लागला. गोदाचे रडणे मात्र शांततेचा भंग ठरले. तिला बाहेर काढले तेव्हा तुम्हीही तिथेच वाचत होतात. गोष्ट रंगात आली होती, म्हणून मान वर केली नाहीत, इतकेच.