राक्षस मध्यंतरानंतर घरी येतो

प्रेमराजभाऊंनी सिनेमावर मत दिलं नाही असा दिवस देवपुरात उजाडत नसे. पाटबंधारे कचेरीत ते आवक-जावक सांभाळायचे. मतांच्या बाबतीत मात्र त्यांच्याकडे नुसतीच जावक. राक्षस उडाला पाहिजे, डोंगर फुटला पाहिजे, चारशे कोटींच्या खालचा सिनेमा म्हणजे गॅदरिंग, असं त्यांचं ठाम म्हणणं. आणि कौटुंबिक सिनेमा? घरात जे फुकट चालतं ते तिकीट काढून का बघायचं?

त्यांची बायको दिपमाला हे पंधरा वर्षं ऐकत होती. यंदा वांग्याच्या भरताच्या पार्टीला जळगावला माहेरी आल्यावर तिने तोड काढली. टॉकीजला दोन पडदे, दोन्हीकडे तीनचा शो. मी आईला घेऊन कौटुंबिक बघते, तुम्ही तुमचा राक्षस बघा; संध्याकाळी दोघांनी आपापला सिनेमा सांगायचा आणि कोणाचा भारी ते माझे आबा ठरवतील. प्रेमराजभाऊंना एवढ्यावर गप्प बसवेना. कौटुंबिक सिनेमाने आपल्या डोळ्यांत पाणी आणलं, तर वर्षभर सिनेमावर अवाक्षर काढणार नाही, हे कलम त्यांनी स्वतःच जोडलं. (असली कलमं माणूस स्वतःहूनच घालतो.)

पूर्वार्धात राक्षसाने हिरोचा दगड केला. मध्यंतर झालं. सासूबाईंनी, म्हणजे केसरबाईंनी, कळण्याची भाकर आणि ठेचा बांधून दिला होता. आत खायचं नेऊ देत नाहीत म्हणून तो स्कूटरच्या डिकीत. प्रेमराजभाऊ पार्किंगमध्ये उभ्याने जेवले. परत येईपर्यंत सिनेमा सुरू झालेला, दारावरचा माणूस मोबाइलमध्ये गुंग आणि थ्रीडीचा काळा चष्मा बाहेरूनच नाकावर चढवलेला (खिशात ठेवला तर लोकांना कसं कळणार?). राक्षस उजवीकडे होता. प्रेमराजभाऊ डावीकडे वळले आणि दिपमालाच्या सिनेमात जाऊन कडेच्या रिकाम्या खुर्चीवर बसले.

पडद्यावर तीन भाऊ घराची वाटणी करत होते. हिरोची दाढी गायब. प्रेमराजभाऊंनी लगेच ताडलं: दगडाचा पुन्हा माणूस झाला. राक्षस दिसेना, पण थोरल्या भावाचे डोळे बघून तेही कोडं सुटलं. मग आईची खाट कोणाच्या वाटणीला, यावर भाऊ भांडायला लागले आणि म्हातारी कोपऱ्यात स्वतःच खाट आवरू लागली. प्रेमराजभाऊंना स्वतःची आई आठवली. ते जे रडले, की शेजारच्या बाईने अंधारात आपला रुमाल त्यांच्या हातात दिला. दिवे लागायच्या आत ते तोंड लपवून बाहेर पडले.

संध्याकाळी अंगणात कपाशीच्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजत होती आणि प्रेमराजभाऊ रंगात आले होते. त्यांनी राक्षस उडवला, डोंगर फोडला आणि मग आवाज खाली आणून त्याच राक्षसाला थोरला भाऊ करून घरात आणला. खाटेशी आले तेव्हा आबाही वांगी परतायची विसरले. चारशे कोटी खर्चून आईची खाट दाखवायला छाती लागते, प्रेमराजभाऊ म्हणाले. रुमालाचीही गोष्ट सांगितली. शेजारच्या बाईलासुद्धा राहवलं नाही, असा तो सिनेमा.

आबा जुने शेतकरी, खात्री केल्याशिवाय निकाल देणारे नव्हते. त्यांनी जपून विचारलं, "ठेचानं पानी तं नही ना ते?"

"ठेच्याचं नाही, आबा," प्रेमराजभाऊ छातीवर हात ठेवून म्हणाले. "काळजाचं."

"मंग जवाईबापू जितनात," आबांनी सांगून टाकलं.

प्रेमराजभाऊंना आभाळ ठेंगणं झालं. पंधरा वर्षांची मतं आज सासरी, चारचौघांत, खरी ठरली होती. दिपमाला आपला सिनेमा सांगायचा सोडून मघापासून तोंडाला पदर लावून होती. त्यांना वाटलं, हरली म्हणून रडतेय. त्यांनी मोठेपणाने खिशातला रुमाल काढून तिच्यापुढे धरला.

तो मध्येच केसरबाईंनी घेतला, चुलीच्या उजेडात उलटसुलट केला आणि कोपऱ्यावरचा स्वतःच्या हातचा मोर बघितला.

"जवाईबापू, हाऊ रुमाल मना शे," त्या म्हणाल्या. "माले वाटनं, काया चष्मा लाईसन कोनी आंधया मानूस रडी ऱ्हायना बिचारा."

वर्षाची मुदत तिथेच सुरू झाली. आबांनी भरीत कसं झालंय असं विचारलं, तेव्हा उत्तर द्यायच्या आधी प्रेमराजभाऊंनी बायकोकडे पाहिलं.