सासऱ्यांची पाठ

मी अकोल्यात चित्रकला शिकवतो आणि लाकडावर कोरून चित्रं छापतो. माझ्यासारखं हुबेहूब कोरणारा अख्ख्या वऱ्हाडात दुसरा नाही, असं मी स्वतःच सगळ्यांना सांगत असे. म्हणून बार्शीटाकळीजवळच्या माझ्या सासऱ्यांचं, रामरावांचं, डवरणी, म्हणजे पिकाच्या ओळींमधलं तण काढताना, असं चित्र कोरायला घेतलं. पुढे डवरा ओढणारी बैलजोडी, मागे मामाजी, म्हणजे सासरे. सत्तरीतही माणूस रोवलेल्या खांबासारखा ताठ.

नेमकी पाठ कोरतानाच कोरणी घसरली. लाकूड एकदा गेलं की परत भरता येत नाही. चूक लपवायला मी मामाजींना कमरेत वाकवलं. वाकलेल्या माणसापुढे धष्टपुष्ट बैल शोभेनात, म्हणून त्यांच्या फासळ्या हार्मोनियमच्या पट्ट्यांसारख्या मोजून घेता येतील अशा कोरल्या.

अमरावतीच्या प्रदर्शनात चित्रापुढे गर्दी झाली. त्या गर्दीत माझा मेहुणा शेखर निघाला आणि सगळ्यांदेखत रडायला लागला. आपण नोकरीपायी नागपुरात बसलो आणि इकडे बाप मोडून गेला, म्हणाला. मी त्याला बाजूला नेऊन कोरणीची हकीकत सांगितली.

"भाऊजी," तो डोळे पुसत म्हणाला, "मले बरं वाटावं म्हणून खोटं नका बोलू."

माझी बायको रागिणीही त्याच्याच बाजूने. पुढच्याच बाजारात शेखरने बैलजोडी विकली आणि नांगरणी-डवरणी ट्रॅक्टरवाल्याला देऊन टाकली. मामाजी भांडले, जेवले नाहीत. तेव्हा शेखरने त्यांच्यापुढे चित्र धरलं. ते बराच वेळ पाहत राहिले. मी असा दिसतो काय, एवढंच त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो, पण तोवर त्यांचा हात कमरेवर गेला होता.

दिवाळीत गेलो तर ते रिकाम्या गोठ्यापुढे बाजेवर बसलेले. मला पाहून उठले, तेही वाकूनच.

"जवाईबापू," ते हळूच म्हणाले, "बैलं लयच वाळले होते न?"

चांगले गलेलठ्ठ होते, असं मी शपथेवर सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली.

तेवढ्यात सासूबाई, गोदाबाई, वावरातून आल्या. डोक्यावर वेचलेल्या कापसाचं गाठोडं. ते ओसरीवर टाकून त्यांनी कंबर धरली, नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि माझ्याजवळ येऊन बसल्या.

"जवाईबापू, माहं बी एक चित्र काढा," त्या म्हणाल्या. "अन् मले जरा जास्तच वाकवजा."