हवेची सुट्टी

सेव-उसळ अर्धी झाली की शरदभाई चमचा खाली ठेवतात आणि घाम पुसत नुसते उभे राहतात. गाडीवाला कळवळतो, "काका, ठंडी थई जशे!" शरदभाई बोट वर करतात. "हवेची सुट्टी!"

हे आमचे गोरव्यातले शेजारी. आडनाव सबनीस, पण बडोद्यात मराठी माणसाचाही भाई होतोच. नंदेसरीच्या कारखान्यातून निवृत्त झाले. उमेदीत सुट्ट्या साठवून खोल समुद्रात बुड्या मारायचे. समुद्र नसलेल्या आमच्या गावात त्यांना श्रोता एकच, मी.

"प्राणवायू अमृत ना? खोलवर, दाबाखाली तोच विष! फिट येते, तोंडातली नळी सुटते, खेळ खलास. म्हणून किती घेतला ते मोजायचं. वर येताना निव्वळ प्राणवायू घेतात, तोही सलग नाही. मध्येमध्ये साधी हवा. तीच सुट्टी."

हा नियम त्यांनी जमिनीवरही लावला. गरब्यात दोन फेऱ्या झाल्या की सुट्टी. लग्नात व्याही रंगात येऊन बोलत असला तरी सुट्टी. बायको गेल्यापासून ते एकटेच. एकुलती एक केतकी अंदमानात डायव्हिंग शिकवते. तिचा फोन आला तरी चार वाक्यांत सुट्टी. माणूस कोरडा आहे, असं मी त्यांना तोंडावर सांगून चुकलो होतो.

गेल्या रविवारी केतकी आजवरच्या सगळ्यात खोल बुडीला उतरणार होती. वर आली की फोन करणार होती. शरदभाई दुपारीच आमच्या हिंडोळ्यावर येऊन बसले. "घरात दाब वाढलाय," एवढंच म्हणाले. चहा निवला. ऊन उतरलं, तरी फोन नाही.

"तुम्हीच लावा की!" मी वैतागलो.

"ती मोजत असेल. मोजू दे."

अखेर फोन वाजला. त्यांनी स्पीकर लावला.

"बाबा, आले वर!"

"प्राणवायू किती झाला?"

"मर्यादेला टेकलाय. पण पहाटे पुन्हा..."

"पहाटे नाही."

"सगळे जाणार आहेत, बाबा!"

"जाऊ देत. तू दुपारपर्यंत बोटीवर बसायचंस."

ती चिडली, भांडली. हे ढिम्म हलले नाहीत. शेवटी "बरं" म्हणून तिनं फोन आपटला.

शरदभाई हिंडोळ्याची कडी घट्ट धरून बसले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. मला फार वाईट वाटलं. एरवी माझी टकळी बंद होत नाही, पण तेव्हा मीही सुट्टी घेतली.

थोड्या वेळानं त्यांनी नाक शिंकरलं आणि माझ्यादेखत प्रथमच स्वतःहून फोन लावला.

"केतू, जेवलीस का गं?"