पयले निकासी

माझे सासरे मला बघायला अकोल्याला आले, तेव्हा त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. पोहे संपवले, दुपट्ट्याला तोंड पुसलं आणि बाबांना म्हणाले, "जरा तुमची मोरी दाखवता का?" बाबांना वाटलं, हात धुवायचे असतील. यांनी मोरीत बादलीभर पाणी ओतलं, कमरेवर हात ठेवून ते शेवटपर्यंत जाताना पाहिलं आणि बाहेर येऊन मुलाला म्हणाले, "कर गा लग्न. घर चांगलं आहे, पानी तुंबत नाही." एम.एस्सी. झालेल्या मुलीची पसंती मोरीवरून व्हावी, हे आईला फार लागलं. ती आठ दिवस धुसफुसत होती.

सासऱ्यांना आमच्या विदर्भात मामाजी म्हणतात. आमचे मामाजी कोराडीच्या वीजकेंद्रात राखेच्या विभागात होते. कोळसा जळतो आणि वीज होते, एवढं शाळेतली पोरंही सांगतात. पण मागे उरलेली राख पाण्यात कालवून पाइपातून लांबच्या तळ्यात ढकलावी लागते, हे मामाजींना ठाऊक असतं आणि त्यामुळे भेटेल त्यालाही ठाऊक होतं. "वीज बनवनारे लय आहेत बेटा, राख काढनारा एखादाच. राख अडकली का युनिट बंद!" लग्नाच्या पंगतीत लोक जिलबीकडे बघतात, मामाजी मांडवामागे जाऊन खरकटं कुठे जातं ते बघून येतात. घराचं असो, गावाचं असो की देशाचं, कुठल्याही प्रश्नावर त्यांचं एकच उत्तर. "पयले निकासी, मंग बाकी."

त्यांची दुसरी खोड म्हणजे सगळं दोनदा विचारणं. "जेवली का?" "हो मामाजी." चार पावलं जायचे, वळायचे. "जेवली ना?" सासूबाई गेल्यापासून हे सुरू झालं. सचिन, म्हणजे माझा नवरा, म्हणतो की बाबांचे कान गेलेत. मला मात्र या दुसऱ्या प्रश्नाची भयंकर चीड यायची. एकदा मी चिडून "नाही, उपाशी आहे" म्हटलं, तर ते खरंच ताट वाढून घेऊन आले, आणि मला दुसऱ्यांदा जेवावं लागलं.

मग ऐन मे महिन्यात मला मुलगी झाली. माहेरी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून बाळंतपण नागपुरातच, महालातल्या आमच्या घरी करायचं ठरलं. त्यासाठी उमरेडहून मामाजींच्या थोरल्या बहीण सुभद्राआत्या आल्या. आत्यांनी पहिल्याच दिवशी खोलीतला कूलर बंद केला, माझ्या कानाला रुमाल बांधला आणि खाटेखाली शेगडी सरकवली. बाहेर नागपूरचा मे, आत आत्या. सकाळी डिंकाचा लाडू, दुपारी तुपातला शिरा, संध्याकाळी खारीक-खोबरं. पाणी म्हणाल तर जेवणानंतर ओव्याचं, कोमट, देवाच्या तीर्थाच्या पळीपेक्षा थोडं जास्त.

"आत्या, अजून थोडं द्या ना."

"नाही वं माय! बाळंतीन पानी पिली का पोट सुटते, टाके पिकते. आमी नाई का काढले चाळीस दिवस?"

मुलीने शी किती वेळा केली, ही बातमी दर तासाला घरभर फिरायची. दुपट्यावरचा रंग बघायला आत्या मुद्दाम चष्मा लावायच्या, सचिन फोटो काढून माझ्या आईला पाठवायचा. मला मात्र पाच दिवस झाली नव्हती, आणि हे विचारायचं कोणाला सुचलं नव्हतं. पोट नगाऱ्यासारखं झालं होतं. जावंसं वाटलं की टाक्यांची आठवण यायची, आणि मी भीतीने अर्ध्या वाटेतून परत यायचे. परत आले की आत्या लाडू घेऊन उभ्याच. पाचव्या दिवशी मुलीला पाजता पाजता मला रडू कोसळलं आणि मी सचिनला सगळं सांगितलं. सचिन बिचारा बाहेर गेला आणि कोणाला सांगावं ते न कळून बापाला सांगून बसला.

बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"पाच दिवसापासून लाइन जाम, आन् तू मले आज सांगून राहिला?"

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. सुनेच्या पोटाची चर्चा सासऱ्यापुढे! पण मामाजी थेट बहिणीसमोर जाऊन उभे राहिले.

"बाई, पानी दे तिले. कोरडी राख पाइपात बसली का सिमेंट होते."

"तुह्या राखेले लाव आग! हे बायाइचं काम व्हय नामू, तू चूप बस."

बासष्ट वर्षांचा नामू चूप बसला. पण तो चूप बसला की समजावं, पायांत चपला घालतोय.

ते कुठे गेले होते, हे मला नंतर आमच्या डॉक्टरीणबाईंकडून कळलं. बाळंतिणींच्या रांगेत, हातात नंबराचा बिल्ला घेऊन, मामाजी दीड तास बसले होते. नंबर आल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पेशंट कुठे आहे?" तर म्हणाले, "पेशंट घरी आहे. मी प्लँटचा मानूस." मग त्यांनी सगळं विचारून घेतलं, आणि अर्थातच दोनदा विचारून घेतलं.

दुपारी आत्यांचा डोळा लागला होता. कूलरच्या बाजूला खिडकीत जी फट उरते, तिथे आमच्याकडे प्लायवुडचा तुकडा ठोकलेला आहे. तो करकरला. खिळे निघाले. फटीतून आधी पाण्याने भरलेला स्टीलचा तांब्या आला, मग पपईच्या फोडींचा डबा, मग भिजवलेल्या मनुका, मग औषधाची बाटली. शेवटी एक पाट आला. त्याला खालून चांगले वीतभर उंच पाय ठोकलेले होते. माणूस काही दिसेना. मी वाकून बघितलं, तर मामाजी माझ्याकडे पाठ करून, बोळाकडे तोंड करून उभे होते.

"आइक बेटा," ते बोळाला सांगू लागले. "पानी दिवसभर, घोट घोट. औषध झोपताना दोन चमचे, दूध पाजनारीले चालते, मी विचारलं. दोनदा विचारलं. कमोडवर बसताना पाय पाटावर. आन् प्रेशर नाही टाकायचं! घाईत व्हॉल्व्ह फोडनारे लय पायले मी. आपोआप येऊ द्यायचं. टाक्याले काही होत नाही म्हने डॉक्टरीनबाई. समजलं का?"

"समजलं, मामाजी."

"समजलं ना?"

दोन दिवस हा चोरटा माल सुरू होता. आत्यांनी विचारलं की मामाजी सांगायचे, कूलरची खस बदलून राहिलो. बंद कूलरच्या जाळीतला वाळा माणूस दोन दिवस कसा बदलतो, असा प्रश्न आत्यांना पडायला हवा होता, पण सगळ्या गल्लीने मामाजींना विक्षिप्त म्हणून सोडून दिलेलं असल्यामुळे पडला नाही. पालकाची भाजी, दुधी, ताक, सगळं फटीतून येत होतं. मी शिरा उलट दिशेने पाठवत होते, तो सचिन खात होता. त्याचं वजन वाढलं.

सातव्या दिवशी सकाळी पोटात कळ आली. मी पाट काखेत मारला आणि निघाले. अंगणात मामाजी तुळशीला पाणी घालत होते. मी गेले तेव्हा घालत होते, आणि मला नंतर कळलं की मी आत होते तेवढा वेळ घालतच होते. आत मी पाय पाटावर ठेवले, डोळे मिटले आणि टाक्यांऐवजी कोराडीच्या राखेचा विचार केला. किती वेळ गेला, माहीत नाही. पण टाके शाबूत राहिले आणि युनिट सुरू झालं. मला इतकं हसू आलं की मी बादलीवर मग आपटला. बाहेरून मामाजी ओरडले, "जमलं!" तुळस तेवढी वाहून गेली.

दहा वाजता ते संत्रा बर्फीचे चार डबे घेऊन आले आणि गल्लीत घरोघरी वाटू लागले. समोरच्या काकू म्हणाल्या, "काहून गा भाऊ, बारसं उरकलं का?" मामाजी म्हणाले, "बारसं होत राहीन. पयले निकासी!" आत्यांना तेव्हा सगळं कळलं. त्यांनी बर्फीचा तुकडा हातात धरला, मला वरून खालपर्यंत बघितलं, आणि पाण्याचा मोठा गडवा भरून माझ्या उशाशी ठेवला. कूलरही लावला.

दुपारी फटीबाहेर पुन्हा खुडबुड झाली. मामाजी प्लायवुड परत बसवत होते. मी म्हटलं, "मामाजी, तुम्ही नसतात तर माझं काही खरं नव्हतं."

हातोडी थांबली. ते वळले आणि माझ्याकडे पाठ करून बोळाशी बोलू लागले.

"सचिन झाला नं, तवा कोराडीच्या क्वार्टरात हेच होतं. हेच लाडू, हीच बाई. मी डबा घेऊन ड्यूटीले निंगालो, तं तुही सासू संडासात रडून राहिली होती. मी दार वाजवलं. म्हटलं, काय झालं वं? ते म्हने, काई नाही, तुमी जा. आन् मी गेलो. प्लँटात पाइप जाम झाली तं मी तिच्यापाशी आठ आठ घंटे उभा राहो. घरी दुसऱ्यांदा नाही विचारलं. जोर लावू लावू तिले जी जखम झाली, ते जिंदगीभर राह्यली. नेहमी दुपट्ट्याची घडी घालून त्याच्यावर बसे. मले वाटे, सवय व्हय तिची. शेवटी दवाखान्यात सांगतलं तिनं. हासून सांगतलं."

सासूबाईंना मी जेमतेम वर्षभर पाहिलं होतं. खुर्चीवर बसताना खाली घडी सरकवणाऱ्या, आणि आम्ही चिडवलं की हसणाऱ्या. मला मुलीला छातीशी धरून रडू आलं. त्या फटीतून हात बाहेर काढून मामाजींच्या पाठीवर ठेवावासा वाटला. पण आमच्याकडे सुना असं करत नाहीत. मी एवढंच म्हटलं, "प्लायवुड राहू द्या मामाजी. वारा येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाहेर आले, तेव्हा ते तुळशीच्या जागी नवं रोप लावत होते. मान खाली घालूनच त्यांनी विचारलं, "झालं का बेटा?"

"झालं, मामाजी."

मी खोलीकडे निघाले नाही. तिथेच उंबऱ्याशी थांबले. त्यांनी मुळाशी माती दाबली, हात झटकले आणि वळून बघितलं.

"झालं ना?"

"हो मामाजी," मी म्हटलं, "चांगलं झालं."