उभ्या गाडीची रोषणाई

संध्याकाळी सातच्या सुमारास आमच्या गल्लीच्या तोंडाशी वरात थांबल्यासारखा उजेड दिसला, तर कुरुंद्यात नवीन आलेला माणूस बाजूला सरकून उभा राहतो. जुना माणूस सरकत नाही. गंगाराम मामा डेअरीवर दूध घालून आले, एवढाच त्याचा अर्थ असतो.

मामांची मोटारसायकल अठरा वर्षांची आहे. तिचा मूळ रंग कोणता होता, यावर गल्लीत दोन मतं आहेत. दिव्यांबद्दल मात्र मतभेद नाहीत. टाकीखाली निळी पट्टी, दोन्ही चाकांत गरगरणारे हिरवे दिवे, हँडलला लाल झालर, सीटच्या कडेनं पिवळी माळ. नंबरप्लेटभोवती एक चौकट आहे. ती आधी डावीकडून उजवीकडे पळते, मग दम खाते, मग उलटी पळते.

मी मामांची शेजारीण, गावातल्या शाळेत शिक्षिका. आमच्या घरांमध्ये एकच भिंत. मला याद्या करायची सवय आहे. किराणा, औषधं, शाळेची कामं, कुणाला काय बोलायचं राहिलं, सगळं मी लिहून ठेवते. बाई झोपायच्या आधी यादी वाचतात, असं गावात बोललं जातं. ते खोटं आहे. यादी सकाळी वाचायची असते.

मामांच्या दिव्यांविरुद्ध माझ्याकडे पाच मुद्दे होते. पहिला मुद्दा त्यांच्या घराचाच. त्रेसष्ट वर्षांचा हा माणूस चहाची पत्ती दोनदा उकळतो. घरात एकच बल्ब आहे, आणि तोही स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामधल्या दारावर टांगलेला, म्हणजे एकाच बल्बचा उजेड दोन्हीकडे.

"मामा, गाडीला हे काय लावलंय?"

"दिवे हायेत बाई."

"ते दिसतंय. कशाला?"

"अंधार पडतो ना. बराबर हाय का न्हाई?"

'बराबर हाय का न्हाई' हे ते प्रत्येक वाक्याच्या शेवटी म्हणतात आणि उत्तरासाठी थांबत नाहीत.

"मग घरात अंधार पडत नाही का?"

"घरात मी एकटाच. मला माझं घर पाठ हाय."

बाकीचे चार मुद्दे वायरिंगचे होते. ते मामांनी स्वतः केलेलं. त्यामुळे हॉर्न दाबला की झालर लुकलुकायची. डावा इंडिकेटर दिला की पुढचं चाक विझायचं, उजवा दिला की मागचं. आणि ब्रेक मारला की सगळंच बंद व्हायचं, म्हणजे समोरून लखलखत येणारे मामा नेमके थांबायच्या वेळी नाहीसे व्हायचे. एकदा वळणावर ते असे नाहीसे झाले आणि कडब्याच्या गंजीत सापडले. मी पळत गेले, तर म्हणाले, "तकलीफ न्हाई बाई. एका वायरीचा घोळ हाय फक्त."

मामांना एकुलती एक लेक, मनीषा. दिलेली औंढ्याच्या पलीकडं, डोंगराकडेच्या एका गावात. तिच्या लग्नानंतर वर्षभरात मामी गेल्या. मग तिची सासू मोरीत पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि ती अंथरुणाला खिळली. तेव्हापासून तीन वर्षं मनीषा माहेरी आलेली नाही. संक्रांतीला नाही, पंचमीला नाही, दिवाळीला नाही. प्रत्येक सणाला मामा तिला आणायला म्हणून जातात आणि एकटेच परत येतात. सीटवर मागं बांधलेली गादीची घडी जशी नेलेली तशीच परत येते. जुन्या गाडीवर तिला बसायला टोचू नये म्हणून ती घडी.

"आली नाही का मनीषा?" मी भिंतीवरून विचारायची.

"औंदा जमलं न्हाई. पुढच्या बारीला येईल. बराबर हाय का न्हाई?"

ते आत जायचे. दारावरचा बल्ब लागायचा आणि लगेच बंद व्हायचा.

मागच्या दिवाळीच्या तोंडावर मला शाळेच्या सामानासाठी वसमतला जायचं होतं. मामाही निघाले होते, म्हणून त्यांच्या मागं बसले. भर दुपारी दिवे चालू होते. चौकात शिट्टी वाजली. पोलिसानं गाडीभोवती एक पूर्ण चक्कर मारली.

"मामा, गाडी हाय का मंडप?"

"मंडपच म्हणा साहेब."

"मग रस्त्यावर काहून आणला? हे डोळ्यात जातंय लोकांच्या. रस्त्यावर बंद ठेवायचं."

"बराबर हाय," मामा म्हणाले आणि त्यांनी तिथल्या तिथं सगळं बंद केलं. मला आश्चर्य वाटलं. ज्या दिव्यांसाठी हा माणूस माझ्याशी वर्षभर भांडला, ते त्यानं हूं की चूं न करता विझवले.

पुढं दिव्यांच्या दुकानात मला दुसरं आश्चर्य वाटलं. दुकानदार उत्साहानं नवीन माल दाखवत होता. गाण्यावर नाचणारे दिवे, जमिनीवर गरुडाची सावली पाडणारे दिवे. मामांनी कशाकडंच पाहिलं नाही.

"मला एवढंच सांग, गाडी उभी असली तर हे किती वेळ चालतात?"

"उभी? मामा, हे चालत्या गाडीचं काम हाय. लोकांनी बघावं म्हणून."

"लोकांचं सोड. उभी गाडी, इंजिन बंद. किती वेळ?"

"तुमच्या ह्या बॅटरीवर? वीस मिनिटं. मग किक मारत बसा."

"वीस मिनिटांत काय व्हतंय? तास पाहिजे."

"तासभर एका जागी काय करून राहिले तुमी?"

"बसून राहिलो," मामा म्हणाले.

दुकानदारानं माझ्याकडं पाहिलं. मी पिशवीतली यादी वाचू लागले. शेवटी मोठी बॅटरी बसली, वायरिंग नव्यानं झालं, ब्रेक आणि दिवे यांची फारकत झाली. माझे चार मुद्दे एका दुपारी निकालात निघाले. पहिला उरला.

त्याच संध्याकाळी मी ठरवलं, मनीषाच्या येण्याचा प्रश्नही असाच सोडवायचा. रडत बसून काही होत नाही, नीट बसून लिहिलं की होतं. मी एक कागद केला. चार दिवसांसाठी रुग्णाची सेवा करणारी एक बाई ठरवली. तिचं येणं-जाणं, म्हातारीच्या औषधांच्या वेळा, जेवण, जावयाचा डबा, सगळं लिहिलं. मग मामांना म्हटलं, "या वेळी मी येते. तिच्या सासूशी मी बोलते."

मामा बराच वेळ गाडीचा आरसा पुसत राहिले. "तुमाला तकलीफ व्हईल."

"होऊ द्या."

"येताना गाडीला धक्का मारावा लागतो."

"मारू."

पाडव्याच्या दिवशी आम्ही निघालो. दिवे बंद. औंढा मागं पडलं, रस्ता चढाला लागला, ऊन उतरू लागलं. गावाच्या अलीकडं एका ओढ्यापाशी मामांनी गाडी थांबवली. फडकं ओलं करून चाकांच्या तारासुद्धा पुसल्या. स्वतःचं तोंड धुतलं. टोपी झटकून घातली. मग बटण दाबलं, आणि तिन्हीसांजेच्या उजेडात ती म्हातारी गाडी पायापासून डोक्यापर्यंत उजळली.

मनीषाच्या दारापुढं त्यांनी गाडी स्टँडवर लावली, इंजिन बंद केलं, पण उतरले नाहीत. तसेच बसून राहिले. मीच उतरून आत गेले.

पुढच्याच खोलीत बाज होती. म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. डोक्यावर पदर घेतलेली मनीषा तिला उशी लावून देत होती. मी पाणी प्याले, कागद काढला आणि सुरुवात केली.

"मावशी, मी मामांच्या शेजारची. मनीषाच्या माहेरपणाचं बोलायला आले."

"बोला की. मी तर तीन वर्सं तेच बोलून राहिले. जा म्हणते तिला. तीच जात न्हाई."

मी मनीषाकडं पाहिलं.

"दोनदा बाई लावून पाहिली, मॅडम," ती हळू आवाजात म्हणाली. "आत्या दुसरीच्या हातानं अंगावर पाणी घेत न्हाईत. जेवत बी न्हाईत, मग संडासला उठवावं लागंल म्हणून. मी एक दिवस दवाखान्यात अडकले व्हते, तर दिवसभर उपाशी."

"लाज वाटते हो," म्हातारी म्हणाली. "हिच्यापाशी वाटत न्हाई. काय करू?"

"बाबांना हे माहीत आहे?"

"पहिल्या दिवाळीपासून," मनीषा म्हणाली.

मी कागद घडी करून पिशवीत ठेवला. त्यावर या लाजेचा मुद्दा कुठंच नव्हता.

बाहेरून मामांनी हाक मारली, "मने, ये."

मनीषानं सासूकडं पाहिलं. सासूनं मान हलवली. मी दारात येऊन उभी राहिले. मनीषानं गाडीपाशी जाऊन चपला काढल्या, उंबऱ्याबाहेर काढाव्यात तशा, जोडीनं. मग मागच्या सीटवर, गादीच्या घडीवर, ती एका अंगानं बसली. बसली आणि तिनं डोक्यावरचा पदर खांद्यावर सोडला. सासरच्या गल्लीत, भर दारात. केस मोकळे करून पुन्हा बांधले. तिचा आवाजही बदलला.

"औंदा निळी लावली व्हय, बाबा?"

"तूच मागितली व्हती. पाचवीत व्हतीस तवा. आपल्या घराला निळी माळ लावा म्हणून रडली व्हतीस."

"तवा तर म्हणले, वायर जळंल, घर जळंल."

"तवा मला कळत नव्हतं."

मामांनी डिकीतून डबा काढला. करंज्या त्यांनी स्वतः केल्या होत्या. मनीषानं एक चावून पाहिली, मग दुसऱ्या बाजूनं चावली.

"बाबा, ही करंजी हाय का खडा?"

"तुझ्या आईनं सांगितल्यावाणीच केली."

"आई मोहन घालायची. तेल घातलं का पिठात?"

"पिठात बी घालायचं असतं?"

ती हसली. मी तिच्या लग्नात होते, पण तिला अशी हसताना पाहिली नव्हती. मग तिनं आपले पाय सीटवर जवळ ओढून घेतले आणि बापाच्या पाठीला पाठ लावून करंजी चघळत बसली. मामा हँडल धरून समोर पाहत होते. हिरवी चाकं जागच्या जागी फिरत होती.

शेजारची एक बाई हातात वाटी घेऊन दाराशी आली. गाडीवर बसलेल्या मनीषापासून ती चार हातांवर होती. तरी तिनं तिला विचारलं नाही. दारातून आत वाकून म्हणाली, "काकू, थोडं विरजण पाहिजे व्हतं."

बाजेवरून म्हातारीचा आवाज आला, "मनीषा घरी न्हाई. माहेरी गेलीय. थोड्या वेळानं ये."

"बरं," ती बाई म्हणाली, आणि गाडीकडं न बघता वाटी घेऊन मागं फिरली.